ऐकलं, पण पटलं का?

जुन्नर-आंबेगावात उसाला रात्रीचं पाणी द्यायला एकट्यानं जाऊ नका, बॅटरी जवळ ठेवा, हे बिबट्यामुळे प्रत्येकाला पाठ आहे. तरी माणूस एकटाच निघतो. सांगणं आणि पटणं यांतलं हे अंतर 1956 साली आपल्याच भागात मोजलं गेलं.

आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत श्रोतामंडळं काढली. आठवड्यातून दोनदा शेतकरी रेडिओभोवती बसत, अर्धा तास ऐकत आणि मग खरी गोष्ट सुरू होई: चर्चा. शंका लिहून केंद्राला पाठवायच्या, उत्तरं पुढच्या कार्यक्रमात ऐकायची. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेनं समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केलं. मंडळाच्या गावांत माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारच थोडी.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांना अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असंच दिसलं होतं. गृहिणींनी हृदय, मूत्रपिंड असं मांस रांधावं म्हणून व्याख्यान दिलं, तेव्हा 3 टक्के बायकांनी ते केलं. आपसात बोलून ठरवलेल्यांपैकी 32 टक्क्यांनी. चारचौघांत शंका निघते, शेजारी अनुभव सांगतो, आणि घेतलेला निर्णय आपला वाटतो.

म्हणून मला वाटतं, बिबट्याची सूचना फलकावर किंवा भोंग्यावर देऊन भागणार नाही. पारावर बसून, रात्रपाळीची वीज येते तेव्हा सोबत कोण जाणार, हे गावानंच ठरवायला हवं.