घोटा मुरगळला म्हणून अंथरूण धरायचं?

कबड्डीत पकड सोडवताना गुडघा पिरगळतो, बॅडमिंटनच्या कोर्टवर घोटा मुरगळतो, मॅरेथॉनच्या सरावात मांडीचा स्नायू खेचला जातो. मग घरातून, शेजारातून आणि तालमीतूनही एकच सल्ला येतो: "आता महिनाभर काही करू नकोस." सल्ल्यात माया असते, पण हिशेब चुकलेला असतो. दुखापत झालेली असते एका सांध्याला किंवा एका स्नायूला. विश्रांती मात्र हृदय, फुप्फुसं, दुसरा धडधाकट पाय, दोन्ही हात आणि डोकं या सगळ्यांवर लादली जाते. दुखऱ्या भागाला आराम किती द्यायचा आणि उरलेल्या शरीराला काम किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खेळाडूंच्या दुखापतींबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे तयार होतात.

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज म्हणजे आरामाने फायदा नाही झाला, तरी तोटा काहीच नाही. तोटा मोजला गेलेला आहे. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं. एवढ्या काळात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 27 टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वयाच्या तीन दशकांनी त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केल्याचं दिसलं. स्नायूंचंही तेच. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवला होता. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद 9 टक्क्यांनी आणि दोन आठवड्यांत जवळपास 23 टक्क्यांनी उतरली. स्नायूचा आकार त्या मानाने कमी घटला होता. म्हणजे पाय बाहेरून फारसा वाळलेला दिसत नसला, तरी आतून बराच दुबळा झालेला असू शकतो.

हे निरोगी लोकांचं झालं. जखमी माणसाला तर आराम लागतोच ना, असा आक्षेप इथे येईल आणि तो रास्त आहे. म्हणून दुखणं असलेल्यांवरचे प्रयोग पाहू. कंबरदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगणारा एक अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामाचे दिवस 45 टक्क्यांनी कमी बुडाले आणि इतर बाबतींत दोन्ही गटांत फरक पडला नाही. 1995 मध्ये हेलसिंकीत झालेल्या अभ्यासात झोपून राहणाऱ्यांपेक्षा आणि ठरावीक व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, सोसेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे लवकर सावरले. मुरगळलेल्या घोट्याबाबतही असंच दिसतं. 2010 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत 101 रुग्ण होते. पहिल्याच आठवड्यापासून हलके व्यायाम दिलेल्यांचा घोटा, नुसता आराम, बर्फ आणि पट्टीवर राहिलेल्यांपेक्षा लवकर कामाला लागला, आणि त्यांना पुन्हा दुखापतही जास्त झाली नाही. कारण उघड आहे. फाटलेला अस्थिबंध, ज्याला आपण सर्रास लिगामेंट म्हणतो, भरून येताना नवे तंतू विणतो. हे तंतू कोणत्या दिशेला पडायचे, हे त्यांच्यावर येणाऱ्या ताणावरून ठरतं. ताणच आला नाही, तर तंतू आडवेतिडवे पडतात.

'आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच' या चतुःसूत्रीचं मग काय करायचं? इंग्रजी आद्याक्षरांमुळे 'राइस' म्हणून गाजलेलं हे सूत्र डॉ. गेब मर्किन यांनी 1978 मध्ये मांडलं. पुढे 2014 च्या सुमारास त्यांनी स्वतःच लिहिलं की, बर्फ आणि पूर्ण आराम या दोन्हींमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. यावरून बर्फाला शत्रू ठरवण्याची गरज नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत वेदना कमी करायला तो उपयोगी आहे, एवढंच. ताज्या दुखापतीवर जोरात मालीश करून घेणं किंवा ओळखीच्या माणसाकडून 'हाड बसवून' घेणं मात्र खरंच टाळायला हवं. आत रक्तस्राव चालू असतो आणि हाड मोडलं आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टर वापरतात ती एक खूण सामान्य माणसानेही लक्षात ठेवावी. मुरगळलेल्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबताच कळ येत असेल, तर आधी एक्स-रे काढायचा. मोडलेलं हाड, धावपटूंच्या नडगीत पडणारी बारीक चीर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया या बाबतींत त्या भागाला सक्तीचा आराम लागतो आणि तो किती, हे डॉक्टरच ठरवतील. पण प्लास्टर पायाला घातलेलं असतं. हातांना, पोटाला आणि दुसऱ्या पायाला नाही.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज जिद्दी खेळाडूंचा असतो: चार आठवडे मैदान सुटलं की वर्षाची मेहनत पाण्यात. या भीतीपोटीच माणूस लंगडत धावायला जातो. प्रत्यक्षात कमावलेलं टिकवायला कमावण्याच्या मानाने फार थोडं लागतं. 1981 च्या एका अभ्यासात दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम केलेल्यांनी पुढे तो चार किंवा अगदी दोन दिवसांवर आणला. जोर तेवढाच ठेवल्यामुळे पंधरा आठवड्यांनंतरही त्यांचा दम जवळपास कायम होता. याच मालिकेतल्या नंतरच्या अभ्यासात दिवस तेवढेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा दम उतरला. जखमी खेळाडूसाठी याचा अर्थ असा की, थोडा वेळ का होईना, दम लागेल असं काम दुखऱ्या भागाला धक्का न लावता करायला हवं. 1997 च्या एका प्रयोगात कसलेल्या धावपटूंनी चार आठवडे जमिनीवर न धावता फक्त खोल पाण्यात, कमरेला तरंगपट्टा बांधून धावण्याचा सराव केला. त्यांची पाच किलोमीटरची वेळ बिघडली नाही. दुखरा अवयव वगळून निरोगी बाजूला वजनाचे व्यायाम दिले, तर न हललेल्या बाजूचीही ताकद काही अंशी टिकते. स्नायूंना हुकूम देणारी मज्जासंस्था दोन्ही बाजूंना सामाईक असल्याचा हा परिणाम 1894 मध्येच अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नोंदला गेला होता. तलाव आणि जिम सगळ्यांना कुठून मिळणार, हा प्रश्न खराच आहे. पण खुर्चीत बसून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जमिनीवर झोपून पोटाचे व्यायाम करणं, धडधाकट पायाने खुर्चीवरून उठणं-बसणं याला पैसे पडत नाहीत. आणि जे गमावलं जातं, तेही मिळवण्यापेक्षा लवकर परत येतं. वीस आठवडे पायांचा व्यायाम करून मग तीस-बत्तीस आठवडे पूर्ण थांबलेल्या महिलांची ताकद मूळ पातळीपर्यंत घसरली नव्हती, आणि सहा आठवड्यांच्या सरावात ती झपाट्याने परतली.

असा सराव करताना दुखलं तर काय, या प्रश्नातून वेदनेविषयीचा गैरसमज समोर येतो. एका गटाला वाटतं, जरा दुखलं की आत काहीतरी फाटलं. दुसऱ्याला वाटतं, दुखणं थांबलं की बरा झालो. दोन्ही खरं नाही. टाचेवरच्या शिरेच्या जुन्या दुखण्यावर स्वीडनमध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या एका गटाला धावणं-उड्या चालू ठेवायची मुभा होती. अट एवढीच की, वेदना दहापैकी पाचच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमावी. वर्षभरानंतर त्यांची प्रगती, पहिले सहा आठवडे धावणं थांबवलेल्यांपेक्षा कमी नव्हती. ही मोजपट्टी शिरेच्या दुखण्यासाठी आहे. ती सरसकट सगळ्या दुखापतींना लावू नये. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किंवा सूज वाढली असेल तर आदल्या दिवसाचा डोस जास्त झाला, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी चालतं.

जेवणाबद्दल थोडक्यात. 'हालचाल नाही, मग पोळ्या कमी कर' हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. साखर आणि तळलेलं कमी करायला हरकत नाही, पण ऊती भरायला शरीराला प्रथिनं जास्तच लागतात आणि कुबड्यांवर चालायला साध्या चालण्यापेक्षा बरीच जास्त ताकद लागते. वरण, उसळ, दही, अंडी, मासे यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात असावं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं.

मनाचा भाग आपल्याकडे सर्वांत जास्त हसण्यावारी नेला जातो. 'एवढं काय, पायच तर मुरगळलाय' म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं की, रोज व्यायाम करणाऱ्याचा व्यायाम काढून घेतला की झोप आणि मनःस्थिती दोन्ही बिघडतात. 1970 च्या एका अभ्यासात संशोधकांना महिनाभर व्यायाम सोडायला तयार होणारी माणसं हवी होती. आठवड्यातून पाच-सहा दिवस व्यायाम करणारे पैसे देऊ केले तरी तयार होईनात. शेवटी कमी व्यायाम करणाऱ्यांवर काम भागवावं लागलं, आणि त्यांचीही झोप बिघडलीच. चिडचिड, उदासी, संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून तुटल्याची भावना या गोष्टी मनाचा कमकुवतपणा दाखवत नाहीत. म्हणूनच सरावाच्या वेळी मैदानाकडे जाणं, गुण लिहिणं, धाकट्यांना शिकवणं याला उपचाराचा भाग मानावं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर ती डॉक्टरांना सांगावी.

शेवटचा आक्षेप: इतकं हालचालीचं कौतुक केल्यावर लोक घाईने मैदानात उतरणार नाहीत का? उतरतील, आणि ते धोक्याचं आहे. गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर दिशा बदलण्याच्या आणि उड्यांच्या खेळांत परतणाऱ्यांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी कमी होतं. हालचाल लवकर सुरू करणं आणि स्पर्धेत उशिरा उतरणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. मुंबई मॅरेथॉनची तारीख जवळ आली किंवा मंडळाची कबड्डी स्पर्धा आली, हे परतण्याचं कारण होऊ शकत नाही. जखमी पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के झाली आहे का, एका पायावरच्या उडीत तोल राहतो का, हे फिजिओकडून मोजून घ्यावं. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा 'काय बंद करू?' एवढंच विचारून उठू नका. 'आजपासून काय चालू ठेवू, किती आणि कुठवर?' हेही विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.