स्केटिंगचे दोन दिवस : आधी पडणे, मग थांबणे

स्केटिंगच्या शिबिरात मुलाचे नाव नोंदवताना पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘किती दिवसांत पळायला लागेल?’ जाणत्या प्रशिक्षकाला हा प्रश्न उलटा वाटतो. पायाला चाके बांधली की पळणे आपोआप घडते. जमिनीला बोटभर उतार असला तरी पुरे. शिकावे लागते ते थांबणे, आणि त्याही आधी पडणे. शनिवार-रविवारच्या शिबिरात सात वर्षांचा नवशिका असो, चाळिशीतली आई असो की स्पर्धांत उतरणारा खेळाडू असो, खरी शिकवणूक या दोनच गोष्टींची असते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगाव येथे असे शिबिर भरवायचे तर शाळेचे सिमेंटचे पटांगण किंवा बास्केटबॉलचे मैदान हीच बहुधा हाताशी असलेली जागा. तिथे तर या दोन गोष्टींना अधिकच महत्त्व येते. त्याचे कारण जमिनीत आहे. ते पुढे येईलच.

एका रांगेतल्या चाकांच्या या स्केटचा इतिहासही थांबता न येण्यापासूनच सुरू होतो. बेल्जियममधून लंडनला गेलेला यंत्रकार जॉन जोसेफ मर्लिन याने १७६० च्या दशकात चाकांचे बूट केले. ते घालून, व्हायोलिन वाजवत तो एका मेजवानीत शिरला आणि वेग आवरता न आल्याने पाचशे पौंडांहून अधिक किमतीच्या आरशावर जाऊन आदळला, अशी कथा सांगितली जाते. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले आणि मर्लिन जबर जखमी झाला. १८१९ मध्ये फ्रान्समध्ये पेतिब्ले याने रांगेतल्या चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले, पण त्या स्केटवर वळणे अवघड होते. १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन याने पुढे दोन व मागे दोन चाके असलेला, अंग झुकवताच वळणारा ‘क्वाड’ स्केट आणला आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे स्केटिंग म्हणजे क्वाड हेच समीकरण राहिले. रांगेतली चाके परतली ती १९८० मध्ये. मिनेसोटातील स्कॉट ओल्सन आणि त्याचा भाऊ ब्रेनन यांना उन्हाळ्यात, बर्फ नसताना, आइस हॉकीचा सराव करायचा होता. त्यातून ‘रोलरब्लेड’ हे नाव जन्माला आले. टाचेमागे रबरी ब्रेक असलेला स्केट सर्वसामान्यांच्या पायात जाऊ लागला तेव्हा कुठे हा छंद घराघरांत पोहोचला.

भारतात शहरी मुलांची सुरुवात सहसा क्वाडवर होते. त्यातही बुटांवर पट्ट्यांनी आवळायचे, लांबी कमीजास्त करता येणारे स्वस्त स्केट अधिक. त्यावरून इनलाइनकडे वळणाऱ्या मुलांना एक धक्का बसतो. क्वाडचा पाया रुंद असतो. नुसते उभे राहायला फार कष्ट पडत नाहीत. इनलाइनमध्ये चार चाके एकाच रेषेत असतात, त्यामुळे घोटा आत किंवा बाहेर कलला की सगळा तोल कलतो. क्वाडच्या पुढच्या टोकाला असणारा रबरी ठोकळा इथे नसतो. ब्रेक असतो तो एकाच पायाच्या, बहुधा उजव्या, टाचेमागे. थोडे शिकल्यावर पोरे (वर्ध्याच्या बोलीत पोट्टे) तो ब्रेकच काढून टाकतात, कारण वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकायचा तर तो अडतो. शर्यतीच्या स्केटना ब्रेक नसतोच. मग थांबायचे कसे? भिंत पकडून, मित्राला पकडून, किंवा गवतात शिरून. शिबिरात येणाऱ्या ‘मला येते’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण याच पंथाचे असतात.

आता जमिनीविषयी. कपाशीला मानवणारी वर्धा खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतकऱ्याला हे नवे नाही. मात्र तिच्यावर पुरेशा तयारीविना ओतलेले सिमेंटचे पटांगणही तिच्याबरोबर उचलले जाते, खचते आणि तडकते. चालणाऱ्याला अशी भेग जाणवतही नाही. नवशिक्याच्या स्केटचे चाक मात्र ७६ ते ८० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे लहानशा पेल्याच्या तोंडाएवढे असते. दोन लाद्यांमधला सांधा किंवा वर आलेली कड एवढ्याशा चाकाला अचानक अडवते आणि वरचे शरीर मात्र पुढे जातच राहते. म्हणून शिबिराचा पहिला अर्धा तास झाडू आणि खडूचा असावा. आधी खडे, वाळू, झाडांची पाने झाडून काढायची. मग प्रत्येक भेगेभोवती खडूने गोल करायचा. हे काम प्रशिक्षकाने एकट्याने न करता शिबिरार्थींकडूनच करून घ्यावे. ज्याने भेग आपल्या हाताने रंगवली त्याला ती स्केटवरून येताना दिसते. भेग ओलांडण्याची रीतही तेव्हाच सांगता येते : तिरके न जाता काटकोनात जायचे, गुडघे वाकवायचे आणि एक पाय दुसऱ्याच्या हातभर पुढे ठेवायचा, म्हणजे दोन्ही पाय एकाच क्षणी अडकत नाहीत.

हवामानाचाही विचार हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या जिल्ह्यात ‘उन्हाळी शिबिर’ हा शब्दच स्केटिंगला गैरलागू म्हणावा लागेल. तापलेल्या सिमेंटवर पडणाऱ्याची कातडी सोलते तशी भाजतेही, आणि पॉलियुरेथेनची चाके उष्णतेने मऊ पडून जड चालतात. पावसाळ्यात ओल्या फरशीवर चाके निसटतात आणि बेअरिंगना गंज चढतो. उरतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ. त्यातही सकाळची पहिली उन्हे आणि संध्याकाळचे दोन तास उत्तम.

शिबिराला जाताना काय न्यावे, याची यादी लहान आहे, पण तिचा क्रम लोक उलटा लावतात. स्केटवर हजारो रुपये खर्च होतात आणि संरक्षक साहित्य ‘पाहू पुढे’ म्हणून राहून जाते. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या १६१ जखमी इनलाइन स्केटरांची त्यात माहिती घेतली होती. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांना मनगटाची दुखापत झाली होती आणि मनगटाचे संरक्षक, म्हणजे रिस्ट गार्ड, न घालणाऱ्यांत अशा दुखापतीची शक्यता सुमारे दहापट आढळली. कारण समजण्याजोगे आहे. तोल गेला की माणूस हात पुढे टाकतो. सारे वजन तळहाताच्या बुंध्यावर येते आणि मनगटाजवळचे हाड मोडते. रिस्ट गार्डमधली कडक प्लॅस्टिकची पट्टी जमिनीवर घसरते. हात जागच्या जागी न अडकता पुढे सरकतो आणि धक्का विभागला जातो. गुडघ्याच्या व कोपराच्या पॅडचे तत्त्वही हेच. हेल्मेट सायकलचे किंवा स्केटिंगचे हवे. क्रिकेटचे हेल्मेट चेंडू अडवण्यासाठी असते, डोके मागे आपटण्यासाठी नव्हे. बुटाचे माप पाहताना उभे राहून अंगठा पुढे हलकेच टेकावा आणि गुडघे वाकवले की मागे सरावा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून दोन मापे मोठा घेतलेला बूट घोट्याला आधार देत नाही. शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे लावू नये.

शनिवारची सुरुवात गवतावर व्हावी. तिथे चाके फिरत नाहीत, त्यामुळे स्केट घालून चालता येते, कवायत करता येते आणि भीती ओसरते. मुख्य धडा उभे राहण्याचा : गुडघे इतके वाकलेले की नडगी बुटाच्या जिभेवर दाबली जावी, हात पुढे आणि नजर समोर. नवशिके नेमके याच्या उलट करतात. घाबरले की ते ताठ होतात, ताठ झाले की वजन टाचांवर जाते आणि मग माणूस पाठीवर पडतो. सगळ्यांत वाईट पडणे तेच. म्हणून पडण्याचा सराव मुद्दाम करून घ्यायचा. तोल जातोय असे वाटताच खाली बसू लागायचे, हात गुडघ्यांकडे न्यायचे, आधी गुडघ्यांच्या पॅडवर, मग कोपरांच्या, मग मनगटांच्या पट्टीवर पुढे सरकायचे. बोटे वर उचललेली असावीत. उठताना एक गुडघा टेकलेला ठेवून दुसरे पाऊल समोर रोवायचे आणि त्याच मांडीवर दोन्ही हातांनी जोर देऊन उभे राहायचे. वीस वेळा पडलेले मूल एकविसाव्या वेळी हसू लागते. मोठ्यांना वेळ लागतो. त्यांना दुखापतीपेक्षा लोक पाहत आहेत याचीच धास्ती जास्त.

संध्याकाळ थांबण्यासाठी राखून ठेवावी. हील ब्रेकची युक्ती ऐकायला सोपी, पायाला अवघड असते. ब्रेकचा पाय पुढे सरकवायचा, खुर्चीवर बसल्यासारखे खाली बसायचे आणि त्याच पायाचा चवडा उचलायचा, म्हणजे टाचेमागचे रबर जमिनीला लागते. बहुतेक जण पाय पुढे न सरकवताच चवडा उचलतात आणि गिरकी घेतात. याच्या जोडीला नांगरासारखी पावले करून थांबणे शिकवावे. त्यात पाय फाकवून बोटे आत वळवायची आणि टाचा बाहेर ढकलायच्या. ब्रेक काढलेल्यांसाठी टी-स्टॉप आहे. पुढचा पाय सरळ सरकत ठेवायचा आणि मागचा आडवा ओढायचा, इंग्रजी टी अक्षरासारखा. यात सारे वजन पुढच्या पायावर हवे. ते मागे गेले की थांबण्याऐवजी वर्तुळ होते आणि मागच्या पायाची चाके एकाच बाजूने झिजतात. चाके तपासली की कोण कसे थांबतो ते न विचारता कळते.

सर्व पातळ्यांचे लोक एकाच मैदानावर आणण्यात गैरसोय आहे, हे मान्य करावे लागेल. वेगात येणारा पंधरा वर्षांचा मुलगा आणि नुकती उभी राहिलेली मावशी यांच्यासाठी खडूने आखलेल्या स्वतंत्र पट्ट्या नसतील, तर अपघात ठरलेला. पण रविवारी या मिश्रणाचा लाभ दिसतो. नवशिक्यांना अनुभवीही पडताना दिसतात. आणि अनुभवींच्या वैगुण्याचा शोध तर बहुधा इथेच लागतो. रिंकवरच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होतात, सरावही तसाच होतो. त्यामुळे वर्षानुवर्षे सरावलेल्या मुलांचे क्रॉसओव्हर केवळ डावीकडे जमतात. रविवारी सकाळी सगळ्यांनाच उलट दिशेने फिरायला लावले की पदके मिळवलेली मुले एकदम नवशिकी होतात. रस्त्यावर समोरून कुत्रे आले तर ते डावी-उजवी पाहून येत नाही, एवढे सांगितले तरी त्यांना पटते. मधल्या पातळीच्या लोकांसाठी दिवसाचा बराचसा वेळ एका पायावर सरकण्याला द्यावा. डाव्या व उजव्या पायावर प्रत्येकी पाच सेकंद तोल टिकला, तर पुढचे सारे सोपे होते.

महत्त्वाकांक्षेला इथे जागा नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिले शर्यतीत कांस्यपदके मिळवली. पुरुष संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावे होती. त्याच संघातील चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधील बेइदाइहे येथे १००० मीटरचे जागतिक विजेतेपद पटकावले. स्पीड स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेतील भारताचे हे पहिले सुवर्ण. वर्ध्याच्या शेजारी, नागपूर जिल्ह्यातील उमरेडच्या सृष्टी शर्माने लिंबो स्केटिंगमध्ये गिनीज विक्रम नोंदवला. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत रोलर स्केटिंग आहे आणि क्रीडा गुणांच्या सवलतीकडेही पालकांचे लक्ष असते. हे सारे खरे असले, तरी दोन दिवसांच्या शिबिराच्या अखेरीस शर्यत लावून प्रमाणपत्रे वाटणारा आयोजक शंकास्पद मानावा. काल उभे राहिलेल्या मुलांना आज शर्यतीत सोडले की ती शिकवलेले थांबणे विसरतात आणि पुन्हा भिंतीकडे धावतात. नाव नोंदवण्यापूर्वी विचारायचे ते एवढेच : एका प्रशिक्षकामागे मुले किती, पॅड भाड्याने मिळतात का, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, आणि रविवारनंतर काय?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सोमवारी सकाळी मैदान पुन्हा शाळेचे होते आणि मुलाच्या हाती उरतो तो घरासमोरचा रस्ता. तिथे दुचाक्या आहेत, गतिरोधक आहेत आणि बांधकामाची सांडलेली वाळू आहे. महामार्गावर विक्रमासाठी किंवा छायाचित्रासाठी लहान मुलांना स्केटवर उतरवण्याचा प्रकार तर सरळ अविचार होय. शिबिर घेणाऱ्यांनी शाळेशी बोलून आठवड्यातून निदान एक तास, सकाळी सात ते आठ, पटांगण उघडे ठेवण्याची व्यवस्था केली तर दोन दिवसांचा खर्च सत्कारणी लागेल. शाळेला त्यात एक पहारेकरी आणि एक किल्ली एवढेच द्यावे लागते.

तोवर घरच्या घरी करण्यासारखा सराव आहे. इमारतीच्या आवारातल्या वीस पावलांच्या सपाट जागेत खडूने एक रेघ मारावी आणि तिच्यावर थांबून दाखवावे : दहा वेळा ब्रेकने, दहा वेळा नांगराने, प्रत्येक वेळी आदल्या वेळेपेक्षा थोड्या अधिक वेगाने. पुढची चाके रेघेच्या आत राहिली तर गुण, बाहेर गेली तर नाही. महिन्याने चाके काढून उलटसुलट बसवावीत, म्हणजे ती सारखी झिजतात. बेअरिंगमधली काळी धूळ कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. खोबरेल तेल मात्र घालू नये. थंडीत ते थिजते आणि मूल तक्रार करू लागते की स्केटच खराब आहेत.