कुत्र्याची दिव्याखालची शिकार

पावसाळ्याच्या आरंभीं ओसरीवरील दिव्याभोंवतीं किड्यांची गर्दी झाली, कीं घरच्या कुत्र्यास खेळ मिळतो. नाकतोड्यावर तो झडप घालतो आणि मुलांस मोठी मौज वाटते. रातकिडा किंवा नाकतोडा पोटांत गेल्यानें त्याचें सहसा कांहीं बिघडत नाहीं. मधमाशी अथवा गांधीलमाशी तोंडांत सांपडली, तर मात्र दंशानें घसा सुजून श्वास कोंडण्याचा संभव असतो; अशा वेळीं घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्याकडे धांव घ्यावी.

परंतु अधिक भय आहे तें न चावणाऱ्या, दिसावयास गरीब अशा शेणकिड्याचें. ‘स्पायरोसर्का लुपाय’ नांवाच्या कृमीचीं अंडीं बाधा झालेल्या कुत्र्याच्या विष्ठेंतून बाहेर पडतात. तीं या काळ्या भुंगेऱ्याच्या पोटांत जातात व तेथें त्यांतील अळी वाढते. पुढें तो किडा दुसऱ्या कुत्र्यानें गिळला, म्हणजे अळी जठराची भिंत भेदून रक्तवाहिन्यांच्या वाटेनें महाधमनींत पोंचते, तेथें सुमारें ३ महिने काढते आणि शेवटीं अन्ननलिकेंत येऊन गांठ करते. इतक्या दिवसांनीं कुत्रा खाल्लेलें अन्न ओकूं लागला, तर त्या दिव्याखालच्या शिकारीची आठवण कोणास होणार? कित्येकदां त्या गांठीचा कर्करोग होतो. कधीं महाधमनी दुबळी होऊन फुटते व धडधाकट दिसणारा कुत्रा एकाएकीं मरतो.

शेणकिडे खाणारे उंदीर, सरडे, कोंबड्या यांच्या शरीरांतही ही अळी जिवंत राहते. घरचें जेवण शाकाहारी असलें, तरी कुत्रा अंगणांत तें व्रत पाळीत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. वारंवार ओकारी, गिळतांना त्रास, कारणावांचून रोडावणें, यांकडे दुर्लक्ष करूं नये; वेळींच निदान झालें तर आतां या कृमीवर चांगलीं औषधें आहेत. फिरावयास नेतांना कुत्र्याची विष्ठा उचलून घेणें हा नुसता शेजारधर्म नव्हे. त्यायोगें कृमीची किड्याकडे जाणारी वाटच तुटते.

पिसवांची गोष्ट त्या मानानें सौम्य. अंग चावतांना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यांतून पट्टकृमि त्याच्या आंतड्यांत जातो. शेपटाखालीं तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर तो हाच. कुत्र्याशीं खेळतांना लहान मुलाच्या तोंडांत पिसू गेली, तर त्यासही ही बाधा होते. अंगावरच्या व अंथरुणांतल्या पिसवा नाहींशा न करतां नुसतें जंतांचें औषध दिलें, तर कांहीं आठवड्यांत तेच दाणे पुन्हां दिसूं लागतात.