साका आणि यंत्राची शिकवणी

रत्नागिरी हापूसच्या व्यापारातला जुना वैरी म्हणजे साका. वरून निर्दोष दिसणारे फळ आतून पांढरट, आंबट निघते आणि पेढीची पत जाते.

यंत्राला हा दोष ओळखायला शिकवायचे तर नियम नव्हे, उदाहरणे द्यावी लागतात: फळाची क्ष-किरण वा अवरक्त प्रकाशाने तपासणी, मग ते कापून साक्याची नोंद, अशी हजारो फळे. नुसती सालीची छायाचित्रे येथे अपुरी.

१०० फळांत ५ साक्याची असताना यंत्राने सगळीच चांगली म्हटली, तरी ते ९५ टक्के अचूक ठरते! तेव्हा यंत्र विकणाऱ्याला विचारावे, साक्याची किती सुटली? आपल्या खतावणीत मात्र परत आलेल्या पेटीची बहुधा रक्कमच असते. बाग आणि तोडणीची तारीख नसते.