केमो चालू असलेलं गिऱ्हाईक पार्लरमध्ये आलं, तर?

व्हिडिओत वेळ कमी पडतो आणि हा विषय घाईत उरकण्यासारखा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. एरवी आपण भाडं, उधारी, मालाची खरेदी यावर बोलतो. आज एका गिऱ्हाइकाबद्दल बोलू. कॉस्मेटिकचं दुकान किंवा पार्लर टाकणार असाल तर ते आज ना उद्या तुमच्याकडे येणारच आहे. आणि ते आल्यावर काय करायचं, हे मला तरी कुठल्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

आधी माझी चूक सांगते. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रीगोंद्यात माझं दुकान पुढे, मागच्या खोलीत पार्लर. नेहमीच्या एक काकू आल्या, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. पुण्याला केमो चालू होती, दुसरा डोस होऊन दहा दिवस झालेले, आणि लेकीचा साखरपुडा तोंडावर. म्हणाल्या, "भुवया पार विस्कटल्यात, जरा आकार दे. आन् चेहरा लई काळवंडलाय, क्लीन-अप कर." मला गलबलून आलं. "काकू, पैसे घेणार नाही," म्हणाले आणि अगदी मन लावून सगळं केलं. थ्रेडिंग केलं, वाफ दिली, स्क्रब केलं, ब्लॅकहेड्स काढले. तिसऱ्या दिवशी भुवईजवळ पू झालेला फोड आणि अंगात ताप. पुढचा डोस आठवडाभर लांबला. ताप नेमका कशाने आला हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. पण भुवईवरचा फोड कुठून आला, हे मला माहीत होतं. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी विचारत गेले, वाचत गेले. त्यातलं आपल्या कामाचं सांगते.

केमोची औषधं शरीरातल्या भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण केसांची मुळं, त्वचा, नखं, तोंडातलं आतलं अस्तर आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीसुद्धा तशाच. म्हणून केस जातात, त्वचा कोरडी होऊन खाजते, तोंड येतं, नखांवर काळे पट्टे दिसतात. काही औषधांनी चेहरा आणि हात काळवंडतात, काहींनी ऊन सोसत नाही. सगळ्यांना सगळं होत नाही. औषधावर अवलंबून असतं. काही केमोत केस जातही नाहीत. त्यामुळे गिऱ्हाइकाला "आता केस जाणारच हं" असं आपण सांगायला जाऊ नये.

आपल्या धंद्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रक्तातली आहे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या काळात साधी खरचटसुद्धा महागात पडू शकते. प्लेटलेट कमी असतील तर जरा दाबलं तरी काळे-निळे डाग उठतात. काकू माझ्याकडे दहाव्या दिवशी आल्या होत्या. म्हणजे मी अगदी नको त्याच दिवशी दोरा हातात घेतला होता.

म्हणून नियम सोपा ठेवा. उपचार चालू असताना त्वचा कापली, ओढली, सोलली किंवा भाजली जाईल असं काहीच करायचं नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, वाफ, स्क्रब, पील, नखांच्या कडेची कातडी कापणं, जेल किंवा ॲक्रिलिक नखं, सगळं बंद. केस गळायला लागल्यावर पुष्कळ बायका स्वतःच म्हणतात, एकदाचे काढून टाक. तेव्हाही वस्तरा नको, स्वच्छ केलेला ट्रिमर वापरा. मालिशही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. छातीजवळ कातडीखाली केमोचं पोर्ट बसवलेलं असू शकतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो. त्या हाताचं वॅक्सिंग आणि जोराचं मालिश नंतरही टाळायचं. रेडिएशन चालू असेल तर त्या भागावर काहीही लावायचं नाही आणि तिथल्या खुणा पुसायच्या नाहीत. ताप १००.४ च्या वर गेला, पू दिसला, अंगावर पुरळ आलं, तर आपलं काम एकच, "आत्ता दवाखान्यात फोन लावा" म्हणणं.

मग उरतं काय, असं तुम्ही म्हणाल. पुष्कळ उरतं.

दुकानातून त्यांना द्यायच्या वस्तू कमी आणि साध्या आहेत. वास नसलेलं मॉइश्चरायझर, शक्यतो ट्यूब किंवा पंपाचं. डबीत रोज बोट घातलं की जंतू जातात. आंघोळ कोमट पाण्याने आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. ओठांना पेट्रोलियम जेली. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त. झिंक ऑक्साइडचं असेल तर नाजूक त्वचेला बहुधा सोसतं. आपल्याकडे बायका आजारपणातही शेतात चक्कर टाकून येतातच. त्यामुळे नुसती ट्यूब विकून भागत नाही. घराबाहेर पडण्याआधी लावा, दोन-अडीच तासांनी परत लावा आणि वर पदर किंवा टोपी हवीच, हे तोंडाने सांगावं लागतं. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक-दोन दिवस वाट बघायला सांगा.

आता लिंबू. आपला तालुका लिंबाचा, घरोघरी पाट्या भरलेल्या. चेहरा काळा पडला की कुणीतरी शेजारीण लिंबू-हळद चोळायला सांगतेच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की चांगल्या त्वचेवरही भाजल्यासारखे चट्टे उठतात. केमोतल्या त्वचेवर तर नकोच नको. "घरचं आहे, नैसर्गिक आहे" म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. दिवाळीचं उटणंसुद्धा त्या वर्षी घासून लावायचं नाही.

त्याहून वाईट म्हणजे गोरं करणाऱ्या ट्यूबा. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. गिऱ्हाईक मागतं म्हणून काउंटरखालून देणारे दुकानदार मी पाहिलेत. केमोमुळे आलेला काळेपणा उपचार संपल्यावर बहुतेक वेळा हळूहळू कमी होतो, त्याला महिने लागतात. हे खरं सांगितलं की दोनशे रुपयांची ट्यूब विकली जात नाही, हे मला कबूल आहे. आणखी एक. कॅन्सरच्या काही टार्गेटेड गोळ्यांनी चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ येतं. ती मुरमं नसतात. मुरमांचं क्रीम दिलं तर त्वचा आणखी सोलवटते. तिथे डॉक्टरांकडेच पाठवा.

मेकअपचं म्हणाल तर तो करता येतो, आणि त्याचा खूप उपयोग होतो. स्वच्छता मात्र दवाखान्यासारखी हवी. सगळ्यांना वापरलेला ब्रश, टेस्टरची लिपस्टिक, कुणाचाही स्पंज नको. वापरून टाकायचे स्पंज आणि काड्या, किंवा त्यांचंच नवं सामान. लिपस्टिक पट्टीवर काढून घ्या, थेट ओठाला टेकवू नका. पापण्या गेल्या असतील तर डोळ्यांत धूळ लवकर जाते, म्हणून आतल्या कडेला काजळ नको. वरच्या पापणीवर तपकिरी पेन्सिलची बारीक रेघ पुरते. डोळ्यांखालच्या काळेपणावर गोरा कन्सीलर थापला की राखाडी दिसतं. आपल्या वर्णाला आधी थोडा केशरी-पीच करेक्टर, मग फाउंडेशन. गालावर क्रीमचा ब्लश. कोरड्या त्वचेवर पावडर बसत नाही, भेगा दिसतात. तोंड आलं असेल तर लिपस्टिकचा आग्रह नको.

भुवया हे खरं कसब. केमो सुरू होण्याआधी गिऱ्हाईक भेटलं तर चेहऱ्याचा समोरून एक फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये काढून ठेवा. पुढे तोच नकाशा. नसेल तर नाकपुडीच्या कडेला पेन्सिल उभी धरा, तिथे भुवई सुरू होते. तीच पेन्सिल तिरकी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून न्या, तिथे संपते. मधे केसांसारख्या छोट्या-छोट्या रेघा. एकच जाड पट्टा ओढला की चेहरा रागीट दिसतो. काळ्यापेक्षा गडद तपकिरी रंग बरा.

टिकलीचं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. नाजूक झालेल्या त्वचेवर नवी टिकली रोज चिकटवून ओढून काढण्यापेक्षा आपल्या आज्या करायच्या तसं करा. आधी मेणाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा ठिपका, त्यावर चांगलं कुंकू. तेही आधी हातावर तपासून.

नखं बारीक कापायची, कानशीने घासायची. नेलपेंट लावलं असेल तर डोसला जाण्याआधी काढायला सांगा; बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यामुळे चुकू शकतं.

केसांकडे येते. आपल्याकडे बाईचं डोकं मोकळं दिसलं की पहिला प्रश्न, "तिरुपतीला जाऊन आलात का?" पुष्कळ जणी तेच उत्तर देऊन टाकतात. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये आजार जाहीर केला, आधी केस बारीक केले, मग केस नसलेला फोटो स्वतःच लोकांसमोर ठेवला आणि विग वापरल्याचंही लपवलं नाही. त्याचा परिणाम मी आमच्या दुकानात पाहिला. एका ताईंनी मोबाइलवर तो फोटो दाखवून विचारलं, "असं राहिलं तर चालंल का?" चालतं की! विग हवाच असेल तर केस जाण्याआधी बघायला सांगा, म्हणजे रंग जुळवता येतो. आत मऊ सुती टोपी. सिंथेटिक विग स्वस्त, पण चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभं राहायचं नाही. आणि स्कार्फ दुकानात ठेवाच. मऊ सुती, मोठ्या मापाचे, दोन-चार रंगांत. सॅटिनचे घसरतात, हे माल भरल्यावर मला कळलं.

उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस एक ते तीन महिन्यांत दिसू लागतात. कधी कुरळे येतात, कधी पांढरे. लगेच रंगवायची घाई असते. मी निदान सहा महिने थांबायला सांगते आणि तेव्हाही डॉक्टरांना विचारून. केराटिन, स्ट्रेटनिंग आणि काळी मेंदी तर नाहीच.

आता धंद्याचं. अमेरिकेत १९८९ पासून 'लुक गुड फील बेटर' नावाचा कार्यक्रम चालतो. कंपन्या सामान देतात, ब्युटिशियन वेळ देतात, पेशंटना स्वतःचा मेकअप करायला मोफत शिकवतात आणि कुठल्याही ब्रँडची जाहिरात करत नाहीत. मला त्यातला "शिकवतात" हा भाग घेण्यासारखा वाटतो. मी घरी जाऊन एकदा शिकवते, पाऊण तास, पाचशे रुपये. वापरून टाकायचं सामान आणि पेट्रोल धरून दीडशे जातात. वेळ मी सकाळी दुकान उघडायच्या आधीची देते. गर्दी नसते, आणि अंगाला परफ्यूम किंवा खोलीत उदबत्ती नसते. केमोत वासाने मळमळतं.

फुकट का नाही? मीही तेच करत होते. काकूंनीच थांबवलं. म्हणाल्या, "फुकट नको करू गं. फुकट केलं की वाटतं, शेवटचंच नटवतीय."

दोन गोष्टी कायद्याच्या. "कॅन्सर पेशंटसाठी गुणकारी" असं काहीही स्टेटसला टाकू नका. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. आणि घरी बनवलेलं क्रीम परवान्याशिवाय विकता येत नाही. त्यांचे फोटोही टाकू नका, त्या 'हो' म्हणाल्या तरी दोन दिवस थांबा. गाव लहान आहे. कोण पुण्याला, बार्शीला किंवा मुंबईला टाटाला जातंय, हे आपल्या खुर्चीवरून बाहेर जाता कामा नये.

काकूंच्या लेकीचं लग्न उपचार संपल्यावर दोन महिन्यांनी झालं. डोक्यावर बोटभर केस आले होते. विग नको म्हणाल्या. मी भुवया काढल्या, जेलीचा ठिपका लावून कुंकू भरलं, डोक्यावर पदर नीट पिन केला. आरशात बघून म्हणाल्या, "डावी जरा वर गेलीय." खरंच गेली होती. पुसून परत काढली.

पुढच्या आठवड्यात उधारीच्या वहीचा व्हिडिओ येतोय.