चापिंगोचे खानखोजे मास्तर

मेक्सिकोत शिकवायला गेलेला आपल्याकडचा माणूस म्हटले की नाव येते पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे. जन्म वर्ध्याचा. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले, तेव्हा हाती पैसा नव्हता. कामी आली ती कॅलिफोर्नियातली जुनी ओळख, रामोन दे नेग्री यांची. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे अध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तर त्यांना थेट भित्तिचित्रात बसवले. हा मान किती मास्तरांच्या वाट्याला येतो? पुढे ते नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ मध्ये.

आज मेक्सिकोत इंग्रजी शिकवायला निघालेल्या भारतीयांना मात्र नुसत्या ओळखीवर भागणार नाही. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर भारतीयांना मेक्सिकोत पर्यटक म्हणून जाता येते, पण पगारी नोकरी करता येत नाही. नोकरीसाठी तिथल्या शाळेला आधी स्थलांतर खात्याची परवानगी काढावी लागते. पोहोचल्यावर ३० दिवसांत निवासी कार्डाची प्रक्रिया सुरू करायची.