बीपासून तुती (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण जांभळाची बी पेरली. ती चिमटीत धरता येत होती. तुतीची बी नखावर ठेवली तरी शोधावी लागते. मोहरीहून लहान, राजगिऱ्याहून जराशी मोठी.

आपल्याकडे तुती लावायची म्हणजे काडी रोवायची. रेशीम शेतकरी तीन-चार डोळ्यांची काडी लावतो आणि त्याचं बरोबरच आहे. त्याला सगळ्या बागेत एकसारखा पाला हवा असतो. फळासाठीही काडी लवकर हाती लागते, वर्ष-दोन वर्षांत तुती चाखायला मिळते. मग बी कशाला? काडीतून जुनंच झाड पुन्हा उभं राहतं, बीतून नवं जन्मतं, म्हणून. रेशीम शेतीत गाजलेली कण्वा-२ म्हणजेच एम-५ ही जातसुद्धा म्हैसूरच्या स्थानिक तुतीच्या बियांपासून झालेल्या रोपांतूनच निवडलेली आहे.

बी काढण्याआधी फळ नीट पाहा. एक तुती म्हणजे एक फळ नव्हे, तो अख्खा तुरा आहे. त्यातला प्रत्येक मणी एकेका फुलाचा, आणि आपण खातो तो रसाळ भाग म्हणजे त्या फुलाची फुगलेली दलं. फणसाच्या गऱ्याचंही हेच. फणस, वड, उंबर आणि तुती एकाच कुळातली.

हात लावताच गळून पडतील अशी काळी फळं घ्या. वाडग्यात कुस्करा, पाणी घालून रात्रभर ठेवा. सकाळी बोटांनी चोळून वरचा चोथा ओतून द्या. पोचट बिया त्याबरोबर जातात, भरलेल्या तळाशी बसतात. त्या चहाच्या गाळणीत धुऊन कागदावर, सावलीत वाळवा. साठवून ठेवू नका. घरातल्या उन्हाळी उष्म्यात त्यांची उगवण झपाट्याने कमी होते.

पसरट कुंडीत चाळलेली माती, वाळू आणि जुनं शेणखत घाला. बी वर भुरभुरा आणि जेमतेम झाकेल इतकीच वाळू टाका. पहिल्या वर्षी मी तांब्याने पाणी घातलं. सगळी बी एका कोपऱ्यात वाहत गेली, तिथे दाटीने उगवली आणि चार दिवसांत रोपं बुंध्याशी कुजून आडवी झाली. तेव्हापासून मी कुंडीच पाण्याच्या परातीत ठेवतो. माती खालून ओल ओढून घेते. दहा-पंधरा दिवसांत दोन इवली पानं दिसतात. चार-पाच पानांवर रोप पिशवीत हलवा आणि पावसाळ्यात जमिनीत लावा. पांढऱ्या भिंतीपासून आणि फरशीपासून लांब, कारण डाग हटत नाहीत.

आता खरी अडचण. बीची तुती फळायला पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घेते, आणि ते झाड नर निघालं तर फळ लागतच नाही. नर तुरे मात्र बघण्यासारखे असतात. त्यांचे पुंकेसर ध्वनीच्या निम्म्याहून अधिक वेगाने उसळून पराग उडवतात. पण फळ हवं असेल तर एकच रोप लावून वाट बघत बसू नका, पाच-सहा लावा. नर निघालेल्या झाडावर चांगल्या तुतीचं कलम बांधता येतं, नाहीतर त्याचा पाला शेळ्या आवडीने खातात.

आणि फळ? महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारात द्रोणात मिळणारी तुती अनेकांनी खाल्ली असेल. झाडाखालची तुती वेगळीच. लाल असताना ती दात आंबवते, काळी झाली की मधासारखी लागते. तोडल्यावर ती गोड होत नाही, म्हणून घाई करू नका. झाडाखाली जुनी चादर पसरा, फांदी हलकेच हलवा, पडेल तेवढीच घ्या. फ्रिजमध्येही ती एक-दोन दिवसच टिकते. उरली तर साखर आणि लिंबू घालून मुरंबा करा. लिंबाशिवाय तो नीट घट्ट होत नाही. वरच्या फांद्या बुलबुल आणि तांबटासाठी सोडा. आमच्या विहिरीकाठची तुती कुणी लावलेली नाही, ती पाखरांनीच आणलेली आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल हा तुतीचा हंगाम. या दिवसांत फळं मिळाली तर सगळी खाऊन टाकू नका. चार काळी फळं बाजूला ठेवा आणि बी वाळली की त्याच आठवड्यात पेरा.